सात मजली इमारतीच्या आराखड्यावर हरकती मागवल्यात. "खोका दिसतो" याच्या पुढे काय लिहायचं?

कोपऱ्यावरचं_घर
समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सात मजली निवासी इमारत प्रस्तावित आहे. आराखडे बघायला ठेवलेत आणि लेखी हरकती व सूचनांसाठी २१ दिवस आहेत. मापं अशी: प्लॉट ३० मीटर रुंद, ४० मीटर खोल. इमारत २४ मीटर रुंद, २० मीटर खोल. तळमजला ४.५ मीटर, वरचे सहा मजले ३-३ मीटरचे, त्यावर १.२ मीटरचा कठडा, म्हणजे एकूण २३.७ मीटर. रस्ता १५ मीटर आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ३ मीटर सामासिक अंतर (कुंपण आणि इमारत यांमधली मोकळी जागा), त्यामुळे समोरच्या दुमजली घरांच्या भिंतीपासून नवी भिंत २१ मीटरवर येते. समोरून बघितलं तर राखाडी, सपाट, सगळ्या खिडक्या एकाच साच्यातल्या.

लोक लिहितायत ते असं: "नुसता खोका आहे", "परिसराला शोभत नाही", "जरा उठाव द्या", "उतरतं छप्पर द्या". सह्यांचं निवेदनही फिरतंय. मला विचारायचंय ते एवढंच, की कशाने आराखडा खरोखर बदलतो? वरचे दोन मजले मागे घ्या असं बहुतेकांचं म्हणणं आहे, ती मागणी बरोबर आहे का? आणि सावलीचं गणित कसं तपासायचं?

ओळंबा
"खोका" हा शब्द हरकतीत घालू नका. तक्रार चुकीची आहे असं नाही, पण त्या शब्दाला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: तीन रंग, चार प्रकारचे पॅनेल आणि भिंतीबाहेर काढलेल्या दोन चौकटी. खोका तसाच राहतो, वर ठिगळं चढतात. "उठाव द्या" म्हटल्यावरही हेच होतं. हरकतीत कोणता नकाशा, कोणतं माप आणि त्या मापाऐवजी काय हवं, एवढं आलं की तिला उत्तर द्यावंच लागतं.

पहिल्याच दिवशी लेखी अर्ज करून हे मागा: शेजारच्या इमारती दाखवलेला साइट प्लॅन, सगळ्या मजल्यांचे प्लॅन, चारही बाजूंची एलिव्हेशन (बाहेरून समोरासमोर दिसणाऱ्या भिंतीचे नकाशे), किमान दोन सेक्शन (इमारत उभी कापल्यासारखे नकाशे), आणि रस्ता ओलांडून तुमच्या घरापर्यंत जाणारा एक सेक्शन. हा शेवटचा बहुतेक वेळा नसतोच, आणि तुमच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच असतात.

मग उंची. २३.७ मीटर ती कुठून मोजली? जोत्यापासून, रस्त्याच्या मध्यापासून, की जमिनीच्या सरासरी पातळीपासून? जमीन उताराची असेल तर एवढ्यावरून एक-दीड मीटर इकडचं तिकडे होतं. कठड्याच्या वर काय आहे तेही बघा. जिन्याची खोली, लिफ्टच्या वरचा भाग, पाण्याच्या टाक्या हे सगळं एलिव्हेशनमध्ये फिकट रेषेत असतं किंवा नसतंच, प्रत्यक्षात मात्र दीड ते तीन मीटर सहज वर येतं. ते रस्त्याच्या बाजूला आहे की मागे, हे गच्चीच्या प्लॅनमध्ये कळतं. टाक्या मागे ढकला ही मागणी कमी खर्चाची असते आणि बरेचदा मान्य होते.

रंगीत थ्रीडी चित्रावरून मत बनवू नका. ते किती मिलिमीटरच्या लेन्सने आणि डोळ्याच्या किती उंचीवरून काढलंय ते विचारा. ५० मिमीच्या लेन्समध्ये आडवा सुमारे ४० अंशांचा पट्टा मावतो, २४ मिमीमध्ये ७४ अंशांचा. म्हणून वाइड चित्रात रस्ता ऐसपैस आणि इमारत लांब गेलेली दिसते. समोरच्या फुटपाथवरून, १.६ मीटर उंचीवरून, ५० मिमीचं चित्र मागा. झाडंही लावताना असतील तेवढीच काढायला सांगा, वीस वर्षांनंतरची नकोत.

जागेचे भाव उतरतील, आमचा नजारा जाईल, बिल्डरला फायदा होईल, तिथे कोण राहायला येईल, हे मुद्दे बहुतेक ठिकाणच्या परवानगी प्रक्रियेत विचारातच घेतले जात नाहीत. उजेड, खाजगीपणा, उंची, रहदारी, झाडं, आग, पाण्याचा निचरा हे घेतले जातात. एकाच मजकुराच्या तीनशे सह्यांचा शेवटी एकच मुद्दा धरतात.

सावली_मोजणारा
सावलीचं गणित कागदावर जमतं. सावलीची लांबी म्हणजे इमारतीची उंची भागिले सूर्याच्या उन्नतांशाचा (सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे त्याचा) टॅन्जंट. वर्षातली सगळ्यात लांब माध्यान्ह सावली उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरला पडते. त्या दिवशी माध्यान्हीचा उन्नतांश = ९० − अक्षांश − २३.४.

२३.७ मीटरच्या इमारतीची त्या दिवशीची माध्यान्ह सावली २० अक्षांशावर सुमारे २२ मीटर, ४० वर ४७, ५० वर ८०. म्हणजे तीच इमारत एका ठिकाणी जेमतेम रस्ता ओलांडते आणि दुसऱ्या ठिकाणी तीन घरं झाकते. दुसऱ्या गावच्या इमारतीचा दाखला इथे चालत नाही तो यामुळेच. ४० अक्षांशावर सकाळी ९ ला तर हीच सावली ९५ मीटरच्या आसपास जाते, मात्र ती वायव्येला पडते आणि भराभर सरकते.

आता फसगत होते त्या जागा. आराखड्यासोबत फक्त दुपारी १२ ची आणि २१ जूनची चित्रं असतील तर ती पुरेशी नाहीत. २१ मार्च आणि २१ डिसेंबर, सकाळी ९ पासून दुपारी ३ पर्यंत दर तासाला, अशी मागा. वेळ घड्याळाची की सूर्याची ते विचारा. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून दर अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. उत्तर दिशेचा बाण खरी उत्तर दाखवतो की होकायंत्राची, तेही बघा. आणि आज तिथे असलेली सावली वेगळ्या रंगात दाखवायला सांगा. जुन्या झाडांची नि इमारतींची सावली नव्या इमारतीच्या माथी मारली की हरकत तिथेच कोलमडते.

एक मुद्दा नीट लक्षात घ्या: तुमची घरं इमारतीच्या कोणत्या दिशेला आहेत? उत्तर गोलार्धात कर्कवृत्ताच्या वरच्या भागात माध्यान्ह सावली नेहमी उत्तरेलाच पडते. इमारतीच्या दक्षिणेला असाल तर सावलीची हरकत घेऊच नका, एका पोकळ मुद्द्याने बाकीचे चांगले मुद्देही हलके होतात.

ऊन नाही तरी आकाशाचा उजेड लागतोच, त्याचं माप वेगळं. ब्रिटनमधल्या बीआरई या संस्थेचा ठोकताळा बऱ्याच ठिकाणी वापरतात. समोरच्या घराच्या सगळ्यात खालच्या खिडकीच्या मध्यापासून २५ अंशांची रेषा वर काढायची. नवी इमारत तिच्या खाली राहिली तर उजेडाला फारसा धक्का नाही. तुमच्याकडे खिडकीचा मध्य १.५ मीटरवर धरला तर (२३.७ − १.५) ÷ २१ हा कोनाचा टॅन्जंट, म्हणजे कोन जवळपास ४७ अंश. रेषेखाली राहायचं तर उंची ११.३ मीटरच उरते. पण दाटीच्या भागात २५ अंश क्वचितच सांभाळले जातात, आणि रेषा ओलांडली म्हणजे प्रस्ताव बाद असं नाही. ती ओलांडली की पुढची, खिडकीनिहाय मोजणी करायची असते: खिडकीवर पडणारा आकाशाचा वाटा २७ टक्क्यांच्या खाली आणि आधीच्या ०.८ पटीपेक्षा कमी झाला, तर माणसाला फरक जाणवतो असं धरतात. त्या मोजणीचा तक्ता मागा. "अंधार होईल" असं लिहिण्यापेक्षा "४७ अंश येतात, खिडकीनिहाय तक्ता द्या" हे कितीतरी वजनदार आहे.

खांब_आणि_तुळई
वरचे दोन मजले मागे घेण्याबद्दल. सगळेच हे मागतात, म्हणून आधी हिशोब बघा.

दोन मजले ३ मीटर मागे घेतले की खालच्या पाच मजल्यांवरचा पुढचा कठडा १७.७ मीटरवर येतो आणि वरचा कठडा तुमच्या भिंतीपासून २४ मीटरवर जातो. खिडकीतून कोन ४७ वरून ४३ अंशांवर येतो. दोन्ही मजले काढूनच टाकले असते तर ३८. म्हणजे ३ मीटरने निम्माही फायदा होत नाही. तोच फायदा हवा असेल तर सुमारे ७.८ मीटर मागे जावं लागेल, आणि २० मीटर खोल इमारतीत ते कुणी करणार नाही. समोरच्या फुटपाथवर, १७ मीटरवर उभ्या माणसाला वरच्या ६ मीटरपैकी २.८ मीटर दिसेनासे होतात, ३.२ दिसतातच.

दुसरं, कापलेलं क्षेत्र कुठे जातं? परवानगी चटई क्षेत्राची, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या मिळून क्षेत्राची असते. २४ मीटर रुंदीत ३ मीटर, दोन मजले, म्हणजे १४४ चौरस मीटर. तेवढं क्षेत्र खालच्या पाच मजल्यांवर मागच्या बाजूला वाढवलं तर इमारत मागे १.२ मीटर सरकते. समोरच्यांची हरकत मान्य झाली आणि मागच्या घरांच्या खिडक्यांवर भिंत आली, असं होतं. हाच हिशोब "दोन मजले कमी करा" लाही लागतो. आत्ता प्रत्येक मजला ४८० चौरस मीटर, प्लॉटच्या ४० टक्के. तेच ३३६० चौरस मीटर पाच मजल्यांत बसवायचं तर मजला ६७२ चौरस मीटरचा, म्हणजे ५६ टक्के. उंची गेली, पण अंगण आणि झाडांची जमीनही गेली. काय प्यारं आहे ते आधी आपसात ठरवा आणि मागच्या घरांना विचारून ठरवा.

तिसरं बांधकामाचं. मागे घेतलेली भिंत खालच्या खांबांच्या ओळीवर आली नाही तर तिचा भार पेलायला जाड तुळया लागतात आणि खालच्या मजल्याची उंची खाल्ली जाते. मागे घेतल्यावर जी गच्ची तयार होते ती कुणाच्या तरी झोपायच्या खोलीवर असते. तिथे वॉटरप्रूफिंग, उताराचा थर आणि फरशी मिळून १५० ते २०० मिमी लागतात. स्लॅब तेवढा खाली घेतला नाही तर दाराशी वॉटरप्रूफिंग भिंतीवर १५० मिमी चढवायला जागा उरत नाही, आणि पाणी मुरतं ते हमखास त्याच उंबरठ्याखालून. सेक्शनमध्ये तो स्लॅब सरळ एका रेषेत काढलेला दिसला तर तिथे बोट ठेवा.

ओळंबा
हिशोब मान्य, तरी मागे घेणं पूर्णपणे निकालात काढू नका. उजेडासाठी ते कमी पडतं, पण रस्त्याच्या प्रमाणासाठी उपयोगी पडतं. फक्त ते पाचव्या मजल्याशी करायचं की शेजारच्या घरांच्या उंचीशी, हा प्रश्न आहे. रांगेतल्या घरांचे कठडे साधारण ७ मीटरवर असतील तर नव्या इमारतीत ७.५ मीटरवर, म्हणजे पहिल्या मजल्याच्या डोक्याशी, एक ठळक आडवी रेषा आणि तिच्या वरची भिंत एक-दीड मीटर मागे, याने चालणाऱ्याच्या नजरेला रांग अखंड वाटते. पाचव्या मजल्याशी केलेली खाच लांबून दिसते, जवळून जाणाऱ्याला नाही.

खांब_आणि_तुळई
चालेल, पण दीड मीटर मागे घेतल्यावर पुढच्या खांबांचं काय? ते सरळ वर गेले तर भिंतीबाहेर उघडे उभे राहतील. म्हणून ही मागणी आत्ता, खांबांची जागा ठरायच्या आधीच करावी लागेल. पुढची खांबांची ओळ आधीच दीड मीटर आत घेऊन तळमजला आणि पहिला मजला तुळया बाहेर काढून पुढे आणला तर जमतं. कामाचे नकाशे झाल्यावर मागितलंत तर कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

गिलावा
दर्शनी भागाबद्दल कुणी मापांत बोलत नाही, आणि सपाटपणाचं खरं कारण तिथेच आहे. खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या पातळीपासून किती आत बसवलीय ते डिटेलमध्ये (मोठ्या प्रमाणातल्या नकाशात) बघा. २०-२५ मिमी असेल तर भिंतीवर सावलीची रेषाच पडत नाही, मग कितीही रंग द्या, ती पुठ्ठ्यासारखीच दिसणार. १२० ते १५० मिमी आत घ्यायला सांगा. शिवाय चौकटीवर थेट पाऊस येत नाही, फटी भरणारं सिलंट जास्त टिकतं. एकसारख्या खिडक्या हा मुळात दोष नाही; ओळीत, एका प्रमाणात बसलेल्या आणि खोल खिडक्या चांगल्या दिसतात. "वैविध्य आणा" म्हटलं की खिडक्या वेड्यावाकड्या सरकवतात आणि आत पलंग-कपाटांची जागा जाते.

डाग कुठे पडतील ते आजच नकाशावर दिसतं. खिडकीचं सिल (खालची आडवी पट्टी) भिंतीबाहेर ३०-४० मिमी आलेलं आणि त्याच्या खालून पाणी तोडणारी खाच असायला हवी, दोन्ही टोकं थोडी वर वळलेली. नसली तर दोन्ही कोपऱ्यांतून काळ्या मिशा उतरतात. कठड्यावरच्या कोपिंगचा (माथ्यावरच्या झाकणाचा) उतार आत, गच्चीकडे हवा. राखाडी गिलाव्यावर हे ओघळ दोन-तीन पावसाळ्यांत पक्के होतात, आणि सावलीच्या भिंतीवर शेवाळ. विटांची किंवा टाइल्सची भिंत असेल तर हालचालीचे सांधे (भिंतीला फुगायला-आकसायला सोडलेल्या फटी) कुठे आहेत ते विचारा, साहित्याप्रमाणे दर ६ ते १२ मीटरवर लागतातच. एलिव्हेशनमध्ये दाखवले नाहीत तर साइटवर कुठेही काढले जातात, खिडकीच्या मधोमधसुद्धा.

पॅनेल असतील तर त्यांच्या आत काय आहे? हे दिसण्याइतकंच, खरं तर त्याहून महत्त्वाचं आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली. तिथल्या अॅल्युमिनियम पॅनेलच्या गाभ्यात पॉलिथिलीन होतं आणि आग भिंतीच्या बाहेरून वर चढली. इंग्लंडमध्ये त्यानंतर १८ मीटर आणि त्याहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतीत ज्वलनशील साहित्याला बंदी आली. तुमच्याकडे सगळ्यात वरच्या मजल्याची फरशी १९.५ मीटरवर आहे. युरोपीय वर्गवारीत ए१ किंवा ए२ दर्जा (न जळणारं किंवा जेमतेम जळणारं साहित्य), आतल्या इन्सुलेशनलाही तोच, आणि प्रत्येक मजल्याशी पॅनेलमागच्या पोकळीत आगीचा अडसर, असं नाव घेऊन लिहा. "मेटल क्लॅडिंग" एवढ्यावर समाधान मानू नका.

उतरत्या छपराची मागणी सोडून द्या. २० मीटर खोलीवर ३० अंशांचं छप्पर म्हणजे मध्यावर पावणेसहा मीटर जास्त उंची. उंचीची तक्रार करणाऱ्यांनी तीच वाढवून मागू नये.

फुटपाथ
सगळे वर बघतायत. रोज अंगावर येतो तो तळमजला. एलिव्हेशनच्या २४ मीटरपैकी गाडीचं फाटक, मीटर-रूम, ट्रान्सफॉर्मर, कचऱ्याची खोली आणि जाळी यांत किती मीटर जातात ते पट्टी लावून मोजा. अर्ध्याहून जास्त गेले तर इमारत कितीही देखणी असो, तो रस्ता मेला. या खोल्या बाजूच्या भिंतीला वळवता येतात, पण ट्रान्सफॉर्मरला बाहेरून थेट वाट लागते, तेव्हा त्याची पर्यायी जागाही सुचवा.

फाटकाच्या आत एक गाडी पूर्ण उभी राहील एवढी, ५ ते ६ मीटर सपाट जागा हवी. इथे सामासिक अंतर ३ मीटरच. फाटक कुंपणाच्या रेषेवर ठेवलं तर थांबलेली गाडी फुटपाथवर येणार, म्हणून ते इमारतीच्या आत घ्यायला सांगा. रॅम्पचा उतार १ः८ असेल तर दोन्ही टोकांना त्याच्या निम्म्या उताराचा तुकडा दाखवलाय का बघा, नाहीतर गाड्यांचं पोट घासतं.

तळघर कुंपणापर्यंत खणणार असतील तर सध्याची झाडं जगणार नाहीत. ठोकताळा असा: बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येत खणायचं नाही. ५० सेंटिमीटरच्या बुंध्याला ६ मीटर. साइट प्लॅनवर ती वर्तुळं कंपासने काढून जोडा.

खाजगीपणाला २१ मीटर तसं ठीक अंतर आहे, समोरच्या खिडक्यांसाठी १८ ते २१ मीटर हा ब्रिटनमधला जुना ठोकताळा. बाजूच्या भिंतींकडे बघा, तिथे ३ मीटरच आहेत. त्या बाजूच्या खिडक्या शेजारच्या खिडक्यांच्या समोरासमोर येऊ नयेत, किंवा फरशीपासून १.७ मीटरपर्यंत दुधी काच, हे मागा.

कोपऱ्यावरचं_घर
सगळ्यांचे आभार. मागच्या दोन घरांशी बोलतो, त्यांचा विचारच झाला नव्हता. आमची घरं इमारतीच्या उत्तरेला आहेत. पहिला मसुदा असा केलाय, बघाल का?

"प्रस्तावित इमारत अतिशय उंच असून आमच्या घरांचा सूर्यप्रकाश पूर्णपणे बंद होईल. दर्शनी भाग निकृष्ट दर्जाचा आहे. तरी वरचे मजले मागे घ्यावेत आणि आकर्षक साहित्य वापरावं, ही विनंती."

ओळंबा
"पूर्णपणे" काढा. एका तासाचं ऊन जरी शिल्लक राहिलं तरी ते वाक्य खोटं ठरतं. "निकृष्ट" आणि "आकर्षक" मोजता येत नाहीत. प्रत्येक मुद्द्याला वेगळा परिच्छेद आणि क्रमांक द्या, कारण उत्तर क्रमांकाने येतं. एकत्र लिहिलेल्या चार मुद्द्यांपैकी सोप्या एकाला उत्तर देऊन बाकीचे सुटतात. असं करून बघा, नकाशांचे क्रमांक तुमचे भरा:

"१. रस्त्यापलीकडच्या घरांच्या तळमजल्याच्या खिडकीच्या मध्यापासून (जमिनीपासून १.५ मी.) प्रस्तावित कठड्यापर्यंतचा कोन सुमारे ४७ अंश येतो. खिडकीनिहाय उजेडाचा तक्ता आराखड्यासोबत नाही, तो द्यावा. २१ मार्च व २१ डिसेंबर, सकाळी ९ ते दुपारी ३, दर तासाची सावली, सध्याची आणि प्रस्तावित वेगळ्या रंगांत दाखवावी.

२. दर्शनी एलिव्हेशनमध्ये खिडकीच्या चौकटीची खोली दिलेली नाही. ती किमान १२० मिमी ठेवावी. सिल, कोपिंग आणि हालचालीचे सांधे १ः२० प्रमाणाच्या डिटेलमध्ये दाखवावेत.

३. बाहेरच्या भिंतीतील पॅनेल व इन्सुलेशन ए१ किंवा ए२ दर्जाचं असल्याचं आराखड्यावरच नमूद करावं.

४. वाहनांचं फाटक कुंपणाच्या रेषेपासून किमान ५ मीटर आत घ्यावं."

मजले मागे घेण्याचा मुद्दा मागच्या घरांशी बोलून झाल्यावरच घाला, आणि घातलात तर "कमी होणारं क्षेत्र मागच्या सामासिक अंतरात वाढवू नये" हे त्याच वाक्यात लिहा. सेक्शनची झेरॉक्स काढून तुमची खिडकी आणि कोनाची रेषा लाल शाईने त्यावर काढा, माप लिहा आणि तो कागद अर्जाला जोडा. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या.